नेरूळच्या रो-हाऊसचं कोटेशन: पाइप आत्ता करा, सोलर नंतर बघू

नमस्कार ताई,

तुम्ही लिहिलंय की सिडकोचं जुनं रो-हाऊस आहे, तळमजला आणि वर एक मजला, भिंतीतले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजलेत, जिन्याखाली ओल आलीये आणि कॉन्ट्रॅक्टरने 1,85,000 चं कोटेशन दिलंय. त्यात गच्चीवर 200 लिटरचा सोलर हीटर 58 हजार, गरम-गार लाइनी सीपीव्हीसीमध्ये (गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप) 62 हजार आणि तोडफोड, टाइल्स, गवंडीकाम 65 हजार. प्रश्न असा की 4 लाखांची एफडी मोडू की 14 टक्क्यांचं पर्सनल लोन काढू. मला विचाराल तर दोन्ही नको.

आधी हे कोटेशन फोडा. पाइप ही दुरुस्ती आहे, ओल थांबली नाही तर उद्या प्लास्टर आणि वायरिंगवर जाईल, ते टाळता येणार नाही. सोलर ही हौस म्हणा, सोय म्हणा, पण ती बचत म्हणून विकली जातेय आणि तिथेच मला थांबावंसं वाटतं. चार माणसं, मिळून रोज 100 लिटर पाणी, 25 डिग्रीवरून 40 पर्यंत न्यायला पावणेदोन युनिट लागतात, गिझरमधून वाया जाणारी उष्णता धरून दोन. तुमच्या बिलात सगळं मिळून युनिट 12 रुपयांना पडतंय, म्हणजे महिन्याला 720. पण आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर तेव्हा गरम पाणी कोण घेतंय, आणि पावसाळ्यात हवं असतं तेव्हा चार महिने ढग, सोलरमधली बॅकअपची विजेची कॉइल चालू. खरी बचत सहा महिन्यांची, वर्षाला चार-सव्वाचार हजार. 58 हजार वसूल व्हायला तेरा-चौदा वर्षं!

म्हणून सोलर आत्ता घेऊ नका, पण गच्चीपासूनची गरम पाण्याची लाइन आत्ताच टाकून घ्या आणि वर टोपी लावून बंद ठेवा. पाइप स्वस्त असतो हो, महाग पडते ती भिंत परत फोडणं. सध्याचे दोन गिझर बाथरूममध्येच राहू देत.

आता साइज, कारण कॉन्ट्रॅक्टरने सगळीकडे एक इंची लिहिलंय, "प्रेशर छान येईल" म्हणून. आमच्या ठाण्याच्या घरी असंच केलं होतं. गच्चीपासून खालच्या बाथरूमपर्यंत वीस मीटर, आणि रोज सकाळी आई नळाखाली बादली लावून उभी, जवळजवळ अर्धी बादली गार पाणी आल्यावर मग कुठे कोमट. एक इंची सीपीव्हीसीत मीटरला साधारण 0.43 लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत 0.26. तुमच्या 18 मीटरच्या लाइनीत म्हणजे पावणेआठ लिटर विरुद्ध पावणेपाच. आणि आंघोळ झाली की तेवढंच तापवलेलं पाणी पाइपात उभं राहून गार होणार, रोज. तेव्हा गरम पाण्याची मेन लाइन पाऊण इंची, नळाकडे जाणाऱ्या फांद्या अर्धा इंची. वरच्या मजल्याचं बाथरूम गच्चीच्या टाकीखाली लगेच येतं, तिथे पाण्याला उंची कमी मिळते, म्हणून तिथे शॉवरपर्यंत पाऊण इंचीच ठेवा, बारीक करू नका.

रस्ताही बदलायला सांगा. मागच्या भिंतीवरून उघडी लाइन खाली आणली तर टाइल्स फक्त नळाजवळ फुटतील, 65 हजारांतले निम्मे तरी वाचावेत असा माझा अंदाज. सीपीव्हीसी उन्हात ठिसूळ होतं, तेव्हा गरम लाइनीला इन्सुलेशन आणि त्यावर उन्हापासून कव्हर, गार लाइनीला निदान पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग, हे लेखी घ्या.

सोलर वगळून एकूण काम 95 हजारांच्या आसपास बसेल. घरखर्च 55 हजार, सहा महिन्यांचे 3,30,000 हाताशी हवेतच (साहेबांची नोकरी खासगी आहे आणि मुलाची दहावी, हे तुम्हीच लिहिलंय). एफडी मोडली तर बऱ्याच बँका अर्धा ते एक टक्का कापतात. त्यापेक्षा त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी तारण ठेवून लागतील तेवढे पैसे उचलायची सोय, व्याज साधारण एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त, आणि जेवढे उचललेत तेवढ्यावरच. तुमची 7 टक्क्यांची आहे, म्हणजे 8 धरू. महिन्याला 10 हजार बाजूला पडतात म्हणालात, तर दहा महिन्यांत फिटेल आणि व्याज साडेतीन हजारांच्या आसपास. कोटेशनच्या पूर्ण 1,85,000 चं पर्सनल लोन तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता 6,300 आणि व्याज 42 हजारांच्या वर, ताई, नुसतं व्याज!

ओव्हरड्राफ्ट फिटला की ते 10 हजार आणखी सहा महिने तसेच बाजूला टाका, मग सोलर घ्यायचाच असेल तर रोखीने घ्या. पण त्याआधी गच्चीचा स्लॅब इंजिनिअरला दाखवा, 200 लिटर म्हणजे नुसत्या पाण्याचेच 200 किलो, आणि घर जुनं आहे.

कॉन्ट्रॅक्टरला शेवटचे 20 टक्के लाइनीची प्रेशर टेस्ट (पाइपात दाबाने पाणी भरून गळती बघणं) तुमच्या डोळ्यांसमोर होईपर्यंत देऊ नका, आणि भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक पाइपशेजारी टेप धरून मोबाईलवर फोटो काढून ठेवा.