दारू पाहुण्यांची, बोट माझी, मग गुन्हा माझ्यावर का?

नमस्कार दादा,

तुमची हकीकत थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मांडव्याजवळ तुमची पार्टीसाठी भाड्याने द्यायची बोट, बर्थडेला मुंबईचा ग्रुप आला, बाटल्या त्यांच्याच, परत जेट्टीला लागताना दोघांत हाणामारी झाली आणि पोलीस आले. पाहुणे जामिनावर घरी गेले, बोट जप्त, आणि आता तुम्हालाही आरोपी करतायत. तुमचं म्हणणं, मी एक थेंबही विकला नाही. आणि विचारताय की इन्स्टावरची "स्वतःची दारू आणा, 1500 एक्स्ट्रा" ही पोस्ट डिलीट करू का.

अजिबात हात लावू नका तिला. स्क्रीनशॉट पोलिसांकडे असणारच, वर पुरावा नष्ट केल्याचं नवं कलम कशाला ओढवून घेताय.

खरी अडचण त्या 1500 मध्ये आहे. आपल्या महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे, आणि त्यात दारू विकणं हा एक गुन्हा आणि पैसे घेऊन दारू प्यायला जागा देणं हा वेगळा गुन्हा, याला कॉमन ड्रिंकिंग हाऊस म्हणतात, आणि "जागा" म्हणजे फक्त चार भिंती असं नाही, बोटही आलीच. म्हणजे विकली नाही हा बचाव इथे अर्धाच चालतो. ते 1500 साफसफाईचे होते असं म्हणायचं असेल तर पावतीवर तसं लिहिलेलं दाखवा, नुसतं तोंडी कोण मानणार.

तुमचा तांडेल (बोट चालवणारा) म्हणतो "समुद्रात कायदा लागत नाही", ते सोडून द्या. 12 सागरी मैलांपर्यंत आपलंच पाणी आहे आणि तुम्ही तर मुंबई बंदराच्या तोंडाशीच फिरत होता. आणि गोव्यात मांडवी नदीवरच्या क्रूझवर बार असतो हे खरं, पण 1949 मध्ये गोवा पोर्तुगीजांकडे होता, तिथे हा कायदाच नाही. आपल्याकडे प्यायलासुद्धा परमिट लागतं, एका दिवसाचं पाच रुपयांत मिळतं, वय बिअर-वाईनला 21 आणि हार्डला 25, आणि हे शंभरात दोघांनाही माहीत नसतं. असं परमिट असलं तरी सार्वजनिक ठिकाणी बसून प्यायची मुभा नसते, पण ते पाहुण्यांचं दुखणं.

आता बोट. जप्त झाली म्हणजे गेली असं नाही, कायमची सरकारजमा करायची की नाही ते कोर्ट ठरवतं, आणि दारूबंदी कायद्याच्या कलम 99 मध्ये मालकाला वाट आहे, असा गुन्हा होऊ नये म्हणून मी योग्य ती काळजी घेतली होती हे सिद्ध केलं तर. तुमच्या पोस्टमुळे ती वाट अरुंद झालीय हे स्पष्टच सांगतो. म्हणून आधी तात्पुरता ताबा मागा, मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम 497 खाली अर्ज. सुंदरभाई देसाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगितलंय की जप्तीच्या गाड्या पोलीस स्टेशनात सडवू नका, आणि गाडीला जे लागू ते बोटीला जास्तच. पावसाळा तोंडावर आहे, पंप बंद असला तर चार सरीत बोट भरेल, आउटबोर्ड इंजिन खाऱ्या हवेत धरून बसेल. हे सगळं फोटोंसकट अर्जात लिहा, मेरीटाइम बोर्डाचं रजिस्ट्रेशन, सर्व्हे आणि इन्शुरन्सची कॉपी जोडा. पंचनाम्यात किती बाटल्या, सीलबंद किती, तेही बघून घ्या.

एक गोष्ट तुम्ही हळूच शेवटच्या ओळीत लिहिलीत, की पाहुण्यांनी तांडेलला पण "एक" दिली होती. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. गाडी चालवणाऱ्याला असलेली 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोलची मर्यादा बोटीला नाही म्हणून लोक बिनधास्त असतात, पण बेदरकारपणे बोट चालवली तर न्याय संहितेचं (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) कलम 282 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याचं रक्त घेतलं होतं का ते आधी विचारा, कारण 0.05 टक्के निघालं तर दारूबंदी कायद्यात परवानगीची किंवा औषधाची दारू होती हे त्यालाच दाखवावं लागतं. आणि त्याचा वकील वेगळा ठेवा, कारण उद्या तो म्हणू शकतो की शेठनीच सांगितलं होतं, गिऱ्हाईक देतील ते घे.