कादंबऱ्या वाचून नेपोलियनच्या काळातले छोटे सैनिक रंगवायचे आहेत. सुरुवात कशी करू? गणवेशाचं पुस्तक खरं मानू की कादंबरी?

तुमची अडचण मला समजली ती अशी: बर्नार्ड कॉर्नवेलच्या शार्प नावाच्या नायकाच्या कादंबऱ्यांनी तुम्हाला झपाटलंय आणि हिरव्या कोटातले ते रायफलवाले स्वतःच्या हातानं रंगवायचे आहेत. ब्रश आजवर धरलेला नाही. त्यात गणवेशाच्या पुस्तकातलं चित्र एक दाखवतं आणि कादंबरी भलतंच सांगते. मी ही मंडळी बरीच वर्षं रंगवतोय, आणि माझं मत पक्कं आहे. कोणता रंग कुठे, हे गणवेशाच्या पुस्तकाला विचारा. त्या रंगाचं पुढे काय झालं, हे कादंबरीला विचारा.

गणवेशाच्या पुस्तकातला शिपाई म्हणजे कोठारातून नवा कोट मिळाला त्या दिवशीचा शिपाई. १८०८ ते १८१४ या काळात वेलिंग्टनची फौज पोर्तुगाल, स्पेन आणि शेवटी दक्षिण फ्रान्स तुडवत होती. कोट वर्षाला एक मिळायचा, तोही बऱ्याचदा उशिरा. विजारी तर त्याआधीच फाटायच्या, मग गावात मिळेल त्या तपकिरी कापडाच्या शिवून घेतल्या जायच्या. कोपरांवर ठिगळं लागायची. कादंबरीकार हे सगळं मन लावून लिहितो, आणि ते इतिहासाला धरूनच असतं. म्हणून दोन्ही स्रोत भांडत नाहीत, एकाच कोटाच्या दोन तारखा सांगतात.

सुरुवात शार्पच्या ९५ व्या रायफल पलटणीपासूनच करा. मन तिथे आहे, आणि नवशिक्यासाठी हा गणवेश सोपाही आहे. गडद हिरवा कोट, काळी कॉलर आणि काळे कफ, कडेनं पांढरी बारीक किनार, छातीवर पांढऱ्या धातूच्या बटणांच्या तीन रांगा आणि काळे चामडी पट्टे. लाल कोटवाल्यांचे छातीवर फुली मारणारे पांढरे पट्टे रंगवताना नवख्या हाताला घाम फुटतो, इथे ते नाहीतच. बेकर रायफलीचा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, नळी तपकिरी झाक मारणारी, आणि दस्त्यातल्या छोट्या कप्प्याचं झाकण पितळी. तो पितळेचा एक ठिपका नीट पडला की अख्खा पुतळा जिवंत होतो. संगीन लांब, जवळजवळ तलवारच, आणि तिची मूठही पितळी.

खरी मेख गडद हिरव्यात आहे. काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तरावर, गडद हिरवा दिला की हातभर अंतरावरून सगळं काळं दिसतं. म्हणून हिरवा असावा त्यापेक्षा एक पायरी उजळ घ्या. पुतळा लहान असल्यामुळे त्यावर उजेड कमी खेळतो, ती कसर रंगानंच भरून काढायची. उंचवट्यांवर, म्हणजे खांदे, कोपर आणि बाह्यांच्या चुण्या इथे, हिरव्यात थोडा खाकी किंवा फिका पिवळट मिसळून हलका हात फिरवा. पांढरा मिसळू नका, पुदिन्याची छटा येते आणि कोट खोटा वाटतो. खाकी मिसळला की उन्हात विटल्यासारखा दिसतो, आणि आपल्याला तेच हवंय. काळ्या पट्ट्यांच्या कडेला गडद राखाडीची एक रेघ ओढा, नाहीतर ते कोटात विरघळून जातात. विजारी मात्र सगळ्यांच्या हिरव्या ठेवू नका. दोघांना तपकिरी द्या, एकाला करडी, एकाच्या गुडघ्यावर वेगळ्या रंगाचं ठिगळ. एवढ्यानं पाच-सहा जणांच्या टोळीला गोष्ट मिळते.

नायकाचं काय, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. त्याच्या अंगावर रायफल पलटणीचा कोट, पण पायात फ्रेंच घोडेस्वाराची चामडी पट्ट्या लावलेली विजार आणि फ्रेंच बूट. कमरेला रायफल अधिकाऱ्याची बाकदार तलवार नाही, तर १७९६ च्या नमुन्याची घोडदळाची जड, सरळ तलवार. त्यात अधिकारी असल्याची खूण म्हणून किरमिजी कमरपट्टा. शेजारच्या आयरिश सार्जंटच्या हातात सात नळ्यांची नॉक बंदूक. ती लेखकाच्या डोक्यातून आलेली नाही, ब्रिटिश आरमारासाठी खरोखर बनली होती. या दोघांना सगळ्यात शेवटी रंगवा. हात बसल्यावरचं काम त्यांच्या वाट्याला यावं असं मला मनापासून वाटतं.

आता कादंबरीला कुठे थांबवायचं तेही सांगतो. कादंबरीत रायफलवाले लढतात ती स्पेनमधली तालाव्हेराची लढाई २७ आणि २८ जुलै १८०९ ला झाली. ९५ वीची मुख्य तुकडी सेनापती क्रॉफर्डच्या हाताखाली दौडत निघाली होती, पण पोहोचली २९ ला सकाळी, लढाई संपल्यावर. कादंबरीत तिथे हिसकावलेला फ्रेंच गरुडध्वजही त्या रणात प्रत्यक्षात कुणी हिसकावला नव्हता. ब्रिटिशांनी रणांगणात पहिला गरुड मिळवला तो ५ मार्च १८११ ला, काडिझजवळच्या बारोसाला. ८७ व्या आयरिश पलटणीच्या सार्जंट मास्टरसननं फ्रेंचांच्या ८ व्या पायदळ पलटणीकडून तो घेतला. तुम्हाला कादंबरीतला तो प्रसंग आवडला असेल तर खुशाल तसाच मांडा. पण माझ्या दृष्टीनं ८७ वी रंगवण्यात जास्त मजा आहे. लाल कोट, हिरवी कॉलर, हिरवे कफ, आणि हातात खराखुरा गरुड.

लाल कोटाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बहुतेकांचे लाल सैनिक खेळण्यातले वाटतात ते इथेच. साध्या शिपायाचं कापड मंजिष्ठात रंगवलेलं असे. तो लाल विटकरी असतो आणि ऊन-पावसात आणखी विटतो. अधिकाऱ्यांचा आणि सार्जंटांचा कोट किरमिजी किड्यापासूनच्या महाग रंगाचा, भडक आणि टिकाऊ. म्हणून डबीतला चकचकीत लाल फक्त अधिकाऱ्याला आणि सार्जंटला द्या, शिपायांसाठी त्यातच थोडा तपकिरी मिसळा. अख्खी रांग मांडली की तुम्ही न सांगता बघणाऱ्याला हुद्दे कळतात. पांढऱ्या पट्ट्यांनाही थेट पांढरा लावू नका. आधी फिका राखाडी, मग दोन्ही कडांना राखाडीची रेघ उरेल असा मध्ये मळकट पांढरा.

फ्रेंच शत्रू हवाच. नवशिक्यानं त्यांना लांब ओव्हरकोटात घ्यावं. निळा कोट, पांढऱ्या छातीपट्ट्या आणि लाल किनारी हा सगळा थाट ओव्हरकोटाखाली झाकला जातो, आणि मोहिमेवर ते खरोखर असेच दिसत. हे ओव्हरकोट एका छापाचे नसत. करडे, बदामी, तपकिरी, जो हाताशी असेल तो रंग घ्या आणि बेधडक लावा. डोक्यावरच्या शाकोला, म्हणजे उंच लष्करी टोपीला, काळं मेणकापड घातलेलं दाखवलं की तेही काम वाचतं. वरच्या गोंड्याला मात्र नियम आहे. पलटणीतल्या साध्या कंपन्यांचे (तुकड्यांचे) गोंडे पहिलीपासून चौथीपर्यंत अनुक्रमे गडद हिरवे, आकाशी, नारिंगी आणि जांभळे.

फ्रेंच निळ्याला नीळ लागायची, आणि त्यामागचा इतिहास मला फार आवडतो. हैतीच्या उठावानं फ्रान्सच्या हातून नीळ पिकवणारी सगळ्यात मोठी वसाहत गेली. समुद्रावर ब्रिटिशांचा पहारा होता, आणि बंगालची नीळ ब्रिटिशांच्याच मुठीत. त्यामुळे १८०६ मध्ये काही फ्रेंच पलटणींना पांढरे कोट द्यायचा हुकूम निघाला आणि १८०७ मध्ये तो मागेही घेतला गेला. तेवढ्या अवधीतली एखादी पांढऱ्या कोटांची पलटण पुढेमागे जरूर करा.

पुतळे कोणते घ्यायचे? २८ मिमी (उंची) आणि १/७२ (खऱ्या माणसाचा बहात्तरावा भाग) हे दोन आकार तुमच्यासाठी. १/७२ चा माणूस अडीच सेंटिमीटरच्या आतच असतो, मऊ प्लास्टिकचा आणि स्वस्त. इटालेरीचा ९५ व्या पलटणीचा डबा याच आकारात आहे. पण मऊ प्लास्टिक वाकतं आणि रंगाला तडे जातात. आधी साबणाच्या कोमट पाण्यानं धुवा, वाळल्यावर पांढऱ्या गोंदाचा पातळ हात द्या, मग प्रायमर. २८ मिमीचे पेरी किंवा व्हिक्ट्रिक्सचे पुतळे कडक प्लास्टिकचे. महाग पडतात, बाहेरून मागवले तर वर कस्टम ड्युटी, पण चेहरे आणि चुण्या इतक्या स्वच्छ की ब्रशला वाट आपोआप सापडते. खिशाला झेपत असेल तर २८ मिमीच घ्या. पहिल्याच पुतळ्यात आनंद मिळाला पाहिजे.

ब्रश दोनच पुरेत, एक १ नंबर आणि एक ० नंबर, टोक नीट जुळणारे. फार बारीक ब्रशाचा मोह नको, त्यात रंग टोकावरच वाळतो. वालेहोचे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक या काळासाठी उत्तम. तळाच्या मातीला आणि गवताला कॅमलिनचे चालतात. रंग दुधाइतका पातळ करा आणि एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या. क्रम आतून बाहेर: आधी चेहरा आणि हात, मग कोट, विजार, पट्टे, पाठीवरची पिशवी, बंदूक, आणि अगदी शेवटी धातू. त्यावर तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला रंग, दिला की तो खाचांमध्ये उतरतो आणि सावल्या आपसूक तयार होतात. वॉश पूर्ण वाळू द्या, मग उंचवट्यांवर मूळ रंग परत लावा. डोळे रंगवू नका. त्यांच्या जागी भुवयांखालची सावली पुरते. हनुवटीवर त्वचेच्या रंगात किंचित निळसर करडा मिसळून लावा, आठवड्याची वाढलेली दाढी दिसते, आणि तो माणूस मोहिमेवरचा वाटू लागतो.

स्प्रे प्रायमर मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात मारू नका. हवेतल्या ओलाव्यानं पृष्ठभाग खरखरीत होतो आणि चेहऱ्याची घडण बुजते. जून ते सप्टेंबर ब्रशनं लावायचा प्रायमर वापरा. शेवटच्या मॅट वार्निशचंही तेच. स्प्रे असेल तर कोरडा दिवस बघूनच, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.

आणि एक आग्रह. त्याच मालिकेतला हा नायक हिरव्या कोटात जाण्याआधी आपल्या मुलखात लढलाय, लाल कोटात. श्रीरंगपट्टण १७९९, अहमदनगर आणि असई १८०३, मग गाविलगड. स्पेनची टोळी झाली की असई घ्या. २३ सप्टेंबर १८०३ ला, आजच्या जालना जिल्ह्यात, वेलस्लीनं (पुढचा वेलिंग्टन) कैलना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं पाहिली आणि तिथे उतार असणारच असा अंदाज बांधून फौज पलीकडे नेली. समोर शिंद्यांचे कवायती कंपू, पोलमान नावाच्या हानोव्हरच्या माणसाच्या हाताखाली, आणि त्यांच्या तोफा. त्या तोफांपुढे वेलस्लीची ७४ वी पलटण चुकून असई गावाच्या रोखानं सरकली आणि जवळजवळ कापली गेली. ७४ वीची कॉलर आणि कफ पांढरे, त्याच फौजेतल्या ७८ वीचे बदामी. मराठी गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी उभे राहिले, ब्रिटिशांनीही ते कबूल केलं. म्हणून या मांडणीत गोलंदाजांना मागच्या रांगेत टाकू नका, चांगला ब्रश आणि चांगला वेळ त्यांनाही द्या.

अशा मांडणीच्या तळाला परदेशी चित्रांमध्ये सर्रास पिवळी वाळू पसरलेली असते. हिंदुस्थान म्हणजे वाळवंट, अशी त्यांची समजूत. सप्टेंबर अखेरचा जालना तुम्हाला ठाऊक आहे: काळी माती, पाणी असलेली नदी, हिरवं गवत. स्पेनच्या रायफलवाल्यांना कोरडी पिवळट माती, दगड आणि वाळकं गवत द्या. असईला काळ्यात थोडा गडद तपकिरी मिसळून माती करा, नदीकाठी ती चकचकीत वार्निशनं ओली ठेवा, आणि गवत हिरवंगार लावा.