आधी ऐक, मग उपाय सांग
पेशंट समोर बसला की लगेच उपाय सांगायची घाई करू नकोस. आधी झोपेबद्दल विचार. मोठ्या माणसाला रात्री किमान 7 तास झोप लागते. तिथेच गडबड असेल तर अंगदुखी, चिडचिड सगळंच वाढतं. खुर्चीच्या कडेवर बसलेला, खांदे कानापर्यंत चढलेला माणूस नीट बघ. त्याच्यासोबत तूही श्वास सावकाश सोड. लांब उच्छ्वासाने नाडी मंदावते, खांदे हळूहळू उतरतात. छातीत दुखत असेल तर मात्र तडक डॉक्टरकडे पाठव. चालू गोळ्या बंद करायला कधीच सांगू नकोस.

आणि दोन पेशंटमध्ये 10 मिनिटं स्वतःसाठी ठेव. सुरुवातीला मी ठेवत नव्हते. संध्याकाळच्या पेशंटचं बोलणं कानावर पडायचं, आत पोचायचं नाही.