दोनदा फोडलेले गळू

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला एमआरआय काल रात्री नीट पाहिला. गुदाशयाच्या मागे, माकडहाडाच्या पुढे, कप्पे असलेली ती पातळ भिंतीची पिशवी मला टेलगट सिस्टच वाटते. गर्भाला काही दिवस शेपटी असते आणि त्या शेपटीत आतड्याचा एक तुकडा, तोच टेलगट. साधारण ८व्या आठवड्यापर्यंत तो विरून जातो. क्वचित थोडासा मागे राहतो आणि कित्येक वर्षांनी गाठ होऊन समोर येतो, बायकांमध्ये जास्त.

आधी सुई घालून तुकडा घेऊ का, असं विचारलंस. नको. पिशवीत जंतू शिरतील, आणि आत कॅन्सर असलाच तर सुईच्या वाटेने पसरेल. भिंतीत कुठे घट्ट, भरीव भाग दिसला असता तर वेगळा विचार केला असता.

उमेदीच्या काळात मी एका बाईंचं गळू दोनदा फोडलं. दुसऱ्या वेळी पू नव्हताच, शेंबडासारखा चिकट स्राव आला. तरी केसपेपरवर मी ‘भगंदर’ लिहिलं. त्या बाई खुर्चीत एका बाजूला कलून बसायच्या, तेही माझ्या डोळ्यांसमोर होतं. पुढे दुसऱ्या सर्जनने गुदमार्गात बोट घालून मागची भिंत चाचपली, तेव्हा गाठ सहज हाताला लागली. ते बोट मी घालायला हवं होतं. तेव्हापासून परत परत भरणारं गळू आलं की मी आधी निदानावरच संशय घेतो.

तुझ्या पेशंटची गाठ एस-थ्रीच्या, म्हणजे त्रिकास्थीच्या तिसऱ्या मणक्याच्या, खाली आहे, म्हणून मागून जा. ही वाट जर्मन सर्जन क्रास्के यांनी १८८५ साली दाखवली. गाठ वर असती तर पोटातून, लॅपरोस्कोपीने गेलो असतो. डाव्या हातात दोन ग्लोव्ह्ज घाल, बोट गुदाशयात ठेव आणि गाठ आतून जखमेकडे ढकल. दोन भिंतींमधली पातळ जागा बोटालाच कळते. माकडहाड गाठीला चिकटलेलं असेल तरच काढ. पिशवी मात्र अख्खी निघाली पाहिजे. कण राहिला तर ती पुन्हा भरते, आणि तिच्यात कॅन्सर झाल्याच्या नोंदी आहेत. पॅथॉलॉजिस्टना भिंतीचे भरपूर तुकडे तपासायला सांग.

संमतीपत्रावर सही घेताना लघवी-शौचाच्या नसांबद्दल स्पष्ट बोल. खुर्ची ओढून शेजारी बस. याच जागी तीनदा चिरा घेतलेल्या बाई चौथ्यांदा सही करणार आहेत.

ऑपरेशनची तारीख ठरली की फोन कर. मी येतो.

तुझा,
सर