रशियाची टायफून एवढी अवाढव्य का, आणि अमेरिकेची ओहायो तिच्यापुढे कमी पडते का?

तुम्ही विचारलंय की रशियाच्या अणुपाणबुड्या अमेरिकेपेक्षा इतक्या मोठ्या असतात तर त्या जास्त पॉवरफुल असणार ना. माझं मत आधीच सांगतो, तसं नाहीये. टायफून म्हणजे सोव्हिएत काळात बांधलेल्या मिसाईलवाहू अणुपाणबुड्यांची एक मालिका, ओहायो ही अमेरिकेची तशीच मालिका. टायफूनचा आकार हौसेनं ठरवलेला नाही, मिसाईल एवढं मोठं झालं की पाणबुडीला मोठं होण्यावाचून पर्यायच उरला नाही.

मी विशाखापट्टणमला बीचवर ठेवलेली आयएनएस कुरसुरा आतून बघितलीये. सोव्हिएत बनावटीची डिझेल-इलेक्ट्रिक, 91 मीटर लांब. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल दारातून आधी एक पाय घालायचा, मग मान वाकवून बाकीचं अंग आत ओढायचं, दोन्ही बाजूंना नुसते पाईप आणि व्हॉल्व्हची चाकं, झोपायच्या जागा अशा की कूस बदलताना वरच्या फळीला खांदा लागेल. तिथून बाहेर आल्यावर टायफूनचे आकडे वाचले की डोकं गरगरतं. लांबी साधारण 175 मीटर आणि रुंदी 23 मीटर, म्हणजे आपल्या रेल्वेचा एक अख्खा डबा आडवा ठेवला तर जेमतेम तेवढी.

आता ओहायो बघा. लांबी 170 मीटर. म्हणजे लांबीत फारसा फरक नाही, खरा फरक रुंदीत आहे, ओहायो जेमतेम 13 मीटर रुंद. कारण सोव्हिएत युनियनचं आर-39 मिसाईल 80 टनांच्या वर वजनाचं आणि 16 मीटर उंच होतं, आणि त्याच काळातलं अमेरिकेचं ट्रायडंट सी-4 साधारण 33 टनांचं. सॉलिड फ्युएलमध्ये, म्हणजे मिसाईलच्या घन इंधनात, अमेरिका पुढे होती, सोव्हिएत इंजिनिअरांना 8 हजार किलोमीटरपेक्षा लांब 10 वॉरहेड न्यायचे तर मिसाईल जाडजूडच करावं लागलं. अशी 20 मिसाईलं एकाच गोल नळकांड्यात उभी करायची तर पाणबुडी भलतीच उंच झाली असती, म्हणून पाणबुड्या डिझाइन करणाऱ्या रुबिन ब्युरोच्या सर्गेई कोवाल्योव यांच्या टीमनं दोन लांब नळकांडी शेजारी शेजारी ठेवली आणि मिसाईलं त्यांच्या मधे उभी केली, प्रत्येक नळकांड्यात एक रिॲक्टर, आणि या सगळ्यावरून बाहेरचं एक कवच. मला हे डिझाइन खरंच फार आवडतं.

आणि टायफूनच्या वजनाचा 48 हजार टनांचा आकडा सगळीकडे फिरतो ना, तो पाण्याखालचा आहे. पाण्यावर असताना ती साधारण निम्मीच भरते, बाकीचं वजन म्हणजे बुडी मारताना आतल्या आणि बाहेरच्या कवचामधे भरून घेतलेलं समुद्राचं पाणी. ते पाणी बाहेर टाकलं की मिळणारी ही तरंगायची ताकद आर्क्टिकचा बर्फ खालून फोडून वर येण्यासाठी हवी होती, घराजवळच बर्फाखाली दडून बसायचं आणि तिथूनच मारा करायचा असा प्लॅन. ओहायो पाण्याखाली 18,750 टनांची, पण मूळ डिझाइनमध्ये तिच्यात मिसाईलच्या नळ्या 24, टायफूनपेक्षा चार जास्तच!

माझ्या मते ओहायो जिंकते ती वापरात. प्रत्येक पाणबुडीला ब्लू आणि गोल्ड असे दोन क्रू, एक परत आला की दुसरा चढतो, साधारण 77 दिवस समुद्रात आणि 35 दिवस बंदरात, सामान झटपट उतरवता-चढवता यावं म्हणून तीन मोठे हॅच डिझाइनमधेच दिलेत. अशा 18 बांधल्या, टायफून फक्त 6. शेवटची दिमित्री दोन्स्कोय 2023 मध्ये निवृत्त झाली, ओहायो अजून गस्तीवर आहेत.

माणसांच्या बाजूनं मात्र टायफूनला मार्क द्यायला हवेत. छोटा स्विमिंग पूल, सॉना, आणि क्रूसाठी सुटकेच्या दोन कॅप्सूल. ओहायोत खलाशी मिसाईलच्या नळ्यांच्या मधल्या खोल्यांत नऊ-नऊ जण झोपतात. पण कॅप्सूल आहे म्हणजे जीव वाचलाच असं नाही, 2000 साली रशियाची कुर्स्क पाणबुडी बुडाली तेव्हा तिच्यातही कॅप्सूल होती, स्फोट पुढच्या भागात झाले आणि जिवंत राहिलेले 23 जण मागे नवव्या कप्प्यात अडकले, तिथपर्यंत पोचणारच कसे. एकूण 118 जण गेले. मला अजूनही ते वाचवत नाही.

नवीन पिढीत रशियानंच आकार सोडून दिलाय. बोरेई 170 मीटर, पाण्याखाली 24 हजार टन, 16 मिसाईलं. अमेरिकेची येणारी कोलंबिया पण साधारण तेवढीच लांब आणि तिच्यातही 16च.

एक घोळ मात्र टाळा, टायफून हे नाटोचं नाव, रशियन तिला अकुला म्हणजे शार्क म्हणतात. आणि नाटो ज्या पाणबुडीला अकुला म्हणतं ती वेगळीच, बरीच लहान अटॅक पाणबुडी आहे, आपण 2012 मध्ये रशियाकडून भाड्यानं घेतलेली आयएनएस चक्र ती त्यातलीच. नेटवर दोघींचे फोटो सर्रास एकमेकींच्या नावावर टाकलेले असतात, त्यामुळे आधी रुंदी बघा, लगेच कळेल.