गावातल्या साथीचा माग : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

खेड्यातली साथ मोजायची कशी, या एकाच विषयाभोवती फिरणारी बरीच पत्रं गेल्या काही महिन्यांत आली. इंदूरच्या मराठी घरांपैकी पुष्कळांची शेती, सासर किंवा नोकरी देपालपूर, सांवेर, महू, धार या बाजूला आहे, तेव्हा प्रश्न कागदी नाहीत. निवडक पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

आमचं गाव देपालपूर तहसिलीत आहे. वस्ती 1,400, घरं 260. पुढची साथ आली तर गावातल्या मुलामुलींनी आपली नोंद ठेवावी असं ठरलं आहे. वहीत नेमकं काय लिहायचं?

वही साथ येण्याआधी सुरू करा. साथ आल्यावर सुरू केलेल्या वहीत 'नेहमी किती असतं' हे नसतं, आणि ते नसलं की वाढलं की नाही हे सांगता येत नाही.

पहिलं काम घरांना नंबर देण्याचं. गावाचा हातानं काढलेला नकाशा पुरतो: मंदिर, हापसा, शाळा, फळ्या (पाडे)-मोहल्ले आणि 1 ते 260 आकडे. शेतातली वस्ती आणि वीटभट्टीवरची झोपडी हमखास सुटते, त्यांनाही नंबर द्या. प्रत्येक घरापुढे माणसं किती, 60 वर्षांवरची किती, हे लिहा. आशाताईंच्या रजिस्टरमध्ये यातलं बरंच असतं. साधारण हजार वस्तीमागे एक आशा असते, म्हणजे तुमच्या गावाचं सगळं ओझं एकीवरच पडत असणार. त्यांना विचारूनच सुरुवात करा. त्यांना डावलून चाललेली वही महिनाभरही टिकत नाही.

पाच जोड्या करा, प्रत्येकीला 52 घरं, आठवड्यातून दोन फेऱ्या. दर फेरीत प्रत्येक घरापुढे चारपैकी एक खूण झालीच पाहिजे: आजारी आहे, कोणी आजारी नाही, कुलूप, सांगायला नकार. जागा कोरी सोडायची नाही. कोरी जागा आणि शून्य यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. शून्य म्हणजे 'पाहिलं, नाही सापडलं'; कोरी जागा म्हणजे कोणी गेलंच नाही. पोलिओच्या वेळी लुळेपणाचं एकही मूल न आढळलेल्या ठिकाणांहूनही दर आठवड्याला 'शून्य' कळवून घेत. 13 जानेवारी 2011 नंतर देशात रुग्ण नाही हे जगानं मान्य केलं, ते या शून्यांच्या भरवशावर.

आजारी कोणाला म्हणायचं तेही आधी ठरवा, नाहीतर एक जोडी प्रत्येक शिंक लिहील आणि दुसरी फक्त अंथरुणावरचा माणूस. जागतिक आरोग्य संघटनेची फ्लूसदृश आजाराची व्याख्या सोपी आहे: 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट किंवा जास्त ताप, सोबत खोकला, आणि सुरुवात गेल्या 10 दिवसांतली. साथ वेगळी असेल तर आरोग्य खातं व्याख्या बदलेल. तुम्ही अध्येमध्ये बदलू नका, बदललीच तर वहीत तारखेसह आडवी रेघ मारा.

आजारी माणसाच्या ओळीत घर नंबर, वय, स्त्री-पुरुष, लक्षणं, पहिलं लक्षण कधी दिसलं, त्याआधीच्या 14 दिवसांत कुठे गेला होता, घरात आणखी कोण आजारी, तपासणीची तारीख आणि निकाल, शेवटी काय झालं, एवढं लिहा. यांत पहिलं लक्षण दिसल्याच्या तारखेचा रकाना सगळ्यांत मोलाचा आणि सगळ्यांत जास्त चुकणारा. "कधीपासून?" असं विचारलं की "झाले चार-पाच दिवस" हेच उत्तर येतं, आणि मग सगळं गाव 5 तारखेला आणि 10 तारखेला आजारी पडतं. हाटाच्या (आठवडी बाजाराच्या) दिवसावरून विचारा: गेल्या हाटाला गेला होतात तेव्हा ताप होता का? एकादशीचा उपास धरला होता का? शेतात जाणं कुठल्या दिवशी बंद झालं?

आलेख काढाल तो याच तारखेवर काढा, निकालाच्या तारखेवर नाही. नमुने साचून एकदम गेले की निकालही एकदम येतात, एका दिवसात डोंगर उभा राहतो आणि गाव घाबरतं. उलट शेवटच्या चार-पाच दिवसांची उतरण खरी मानू नका. तेव्हाचे आजारी अजून वहीत यायचे असतात.

वही दर सोमवारी उपकेंद्रातल्या एएनएम (परिचारिका) किंवा सीएचओंना (समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना) दाखवा. देशाच्या रोग सर्वेक्षण कार्यक्रमात तीन फॉर्म असतात: आरोग्य कर्मचाऱ्याचा 'एस', डॉक्टरचा 'पी' आणि प्रयोगशाळेचा 'एल'. एप्रिल 2021 पासून हे सगळं पोर्टलवर भरलं जातं. तुमची नोंद 'एस'मध्ये पोचली तरच ती जिल्ह्याला दिसते.

कोरोनात आमच्या गावी घरोघरी खोकला होता, पण सरकारी यादीत तिघंच. आकडे दडवले का? (वाचक, इंदूर)

दडवण्याची गरजच पडत नाही, आकडे वाटेत गळतात. ताप आला की माणूस आधी दोन दिवस मेडिकलवरून गोळी आणतो, मग गावातल्या झोलाछाप (पदवी नसलेल्या) डॉक्टरकडे सलाइन लावतो. यांतला कोणीच फॉर्म भरत नाही. तपासणीपर्यंत पोचेतो विषाणू नाकातून कमी झालेला असतो, निकाल निगेटिव्ह येतो. जो फार बिघडला तो इंदूरला भावाकडे येतो, दवाखान्यात पत्ता भावाचा लिहिला जातो, आणि तुमच्या गावचा रुग्ण शहराच्या खात्यावर चढतो. ही पत्त्याची गळती बंद करणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे. दाखल करताना 'गेल्या 14 दिवसांत राहण्याचं ठिकाण' वेगळं लिहून घ्यायला सांगा.

ही गळती मोजलेली आहे. आयसीएमआरनं (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं) मे-जून 2020 मध्ये 21 राज्यांतल्या 70 जिल्ह्यांत रक्ततपासणी केली: प्रत्येक जिल्ह्यात 10 वस्त्या, वस्तीमागे 40 प्रौढ, एका घरातून एकच. प्रतिपिंडं (अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) निघाली 0.73 टक्के लोकांत. आकडा किरकोळ वाटतो, पण हिशेब केल्यावर नोंदलेल्या एका रुग्णामागे 82 ते 130 संसर्ग झाले होते असा अंदाज आला. जून-जुलै 2021 च्या चौथ्या फेरीत देशाचा आकडा 67.6 टक्के होता आणि मध्य प्रदेशाचा 79, राज्यांत सर्वांत वर. यात लशीनं आलेली प्रतिपिंडंही धरलेली आहेत, पण लस न घेतलेल्यांतही देशभरात 62.3 टक्के होतीच. त्याच सुमारास राज्यात नोंदलेले रुग्ण 8 लाखांच्या आत होते, आणि 2011 च्या जनगणनेतच राज्याची वस्ती 7 कोटी 26 लाख होती.

उपकेंद्रावरून पाठवलेले नमुने परत येतात किंवा लक्षणं स्पष्ट असून निगेटिव्ह येतात. कुठे चुकतं? (सीएचओ, महू तहसील)

बहुधा काडीपासूनच. स्वॅब नायलॉनचा किंवा डॅक्रॉनचा हवा. लाकडी दांडी आणि कापसाच्या बोंडातले पदार्थ पीसीआरमध्ये अडथळा आणतात. काडी नाकात वर नाही, टाळूला समांतर, कानाच्या दिशेनं न्यायची, मागे अडेपर्यंत, आणि तिथे काही सेकंद फिरवून थांबायचं. रुग्णाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर बहुधा काडी पुढेच फिरली. दांडी खुणेवर मोडून व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळीत टाका, झाकण पेचात घट्ट बसलं का पाहा. गळलेली नळी प्रयोगशाळा फेकते, आणि ते योग्यच आहे.

नाव, वय, नमुन्याची तारीख नळीवर *आणि* फॉर्मवर एकसारखी हवी. एकीकडे घरातलं लाडाचं नाव आणि दुसरीकडे आधारवरचं, एवढ्यानंही नमुना बाद होतो. बर्फ ओला झाला की शाई फुटते, तेव्हा पेन्सिल किंवा पक्क्या शाईचा मार्कर वापरा. नळी 2 ते 8 अंशांत ठेवून 72 तासांत पोचवायची. उशीर होणारच असेल तर उणे 70 लागतं, जे आपल्याकडे मेडिकल कॉलेजसारख्या ठिकाणीच मिळेल. घरगुती फ्रीजरमध्ये गोठवू नका. तिथे बर्फ होतो, वितळतो, पुन्हा होतो, आणि दर खेपेला विषाणूची मोडतोड होते. शनिवारी संध्याकाळी घेतलेला नमुना सोमवारी दुपारी निघत असेल तर वाहनाचं वेळापत्रक बदलायला लावा.

अँटिजेन किटचं दुखणं वेगळं आहे. ती साधारण 30 अंशांच्या आत ठेवायची असते आणि मे महिन्यात जीपच्या डॅशबोर्डवर त्याच्या कितीतरी वर तापते. फ्रीजमधली असेल तर आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या. थेंब मोजून टाका. निकाल पत्रकात दिलेल्या मिनिटांतच वाचा. संध्याकाळी पुन्हा पाहिल्यावर उमटलेली पुसट रेघ पॉझिटिव्ह नव्हे. लक्षणं असून अँटिजेन निगेटिव्ह असेल तर आरटी-पीसीआर करायचीच.

आणि लक्षणं नसलेल्या सगळ्या गावाची सरसकट अँटिजेन टेस्ट करू नका, वरून कितीही टार्गेट आलं तरी. हिशेब असा: 1,000 लोकांत 5 खरे बाधित आहेत, टेस्ट त्यांतले 70 टक्के पकडते आणि 99 टक्के निरोग्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. खरे सापडले तीन-चार. उरलेल्या 995 पैकी 1 टक्का, म्हणजे दहा जण, खोटे पॉझिटिव्ह. चौदा घरं बंद आणि त्यांतली दहा उगीच. पुढच्या खेपेला काडी घेऊन गेलात की दारं लागतील.

टेस्ट नसतील तर मृत्यूंवरून साथ ओळखता येते का? आमच्याकडे कोटवाराची (गावच्या चौकीदाराची) नोंद आहे. (निवृत्त शिक्षक, देवास)

येते, आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते जवळपास सगळं अशाच नोंदींतून. माणसातला तो विषाणू पहिल्यांदा वेगळा केला गेला 1933 मध्ये. तेव्हा टेस्टचा प्रश्नच नव्हता. गावच्या कोटवार-पाटलांनी ठाण्यात सांगितलेले मृत्यू नेहमीपेक्षा किती जास्त, यावरून हिंदुस्थानातले बळी 1 कोटी 20 लाखांपासून 2 कोटींपर्यंत धरले जातात. अंतर एवढं मोठं राहिलं, कारण साथीच्या भरात लिहिणारेच आजारी पडले. तेव्हाची कोरी पानंही शून्यं नव्हती.

पद्धत अशी. मागच्या पाच वर्षांतले त्याच महिन्याचे मृत्यू काढून सरासरी घ्या आणि यंदाचे त्यापुढे मांडा. पण एका गावावर निष्कर्ष काढू नका. हजारी 7 मृत्युदर धरला तर 1,400 वस्तीत वर्षाला दहा मृत्यू, म्हणजे महिन्याला एकही पुरा नाही. अशा गावात एका महिन्यात तीन मृत्यू निव्वळ योगायोगानं साधारण वीस महिन्यांतून एकदा होतातच. वीस गावं एकत्र करा: वस्ती 28,000, महिन्याला सरासरी 16. यात 8 ते 24 ही नेहमीची हालचाल समजा. 30 झाले तर त्याच दिवशी बीएमओंना (तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना) फोन करा.

नोंदणीला कायद्यानं 21 दिवस मिळतात, म्हणून चालू महिन्याचा आकडा नेहमीच कमी दिसतो. म्हाताऱ्या बायका आणि तान्ही मुलं जास्त सुटतात, कारण त्यांच्या नावावर ना जमीन ना विमा, दाखल्यावाचून कोणाचं अडत नाही. ताळा करायला मुक्तिधामातल्या लाकडांचा आणि कब्रस्तानाचा हिशेब पाहा, आणि तेराव्याची निमंत्रणं तर गावात सगळ्यांना पाठ असतात.

भगोरियाला (होळीआधीच्या आदिवासी हाट-उत्सवाला) गुजरातहून मजूर परत येतात. तेव्हा कुठे लक्ष ठेवायचं? (वाचक, धार)

झाबुआ, आलीराजपूर, धार, बडवानीचे मजूर होळीआधी आणि दिवाळीला परततात. बसस्टँडवर थर्मल गन रोखून बसण्यात फार अर्थ नाही: कोरोनासारख्या आजारात लक्षणं यायला 2 ते 14 दिवस लागतात, बहुतेकांना पाचेक. उतरताना ताप नसतोच. त्याऐवजी कोण कुठल्या तारखेला, कुठल्या गावाहून आलं याची यादी फळ्यातल्या तडवी-पटेलांकडून (गावमुखियांकडून) घ्या आणि त्या घरांना पाचव्या, दहाव्या आणि चौदाव्या दिवशी भेट द्या. गावाचा हाट झाल्यावरही हेच. मजूर साथ घेऊनच येतो असं धरून चालू नका. मार्चमध्ये गहू काढायला आलेला हार्वेस्टरवाला आणि लग्नाला आलेले इंदूरचे पाहुणे यांचीही तीच यादी हवी. पाहुण्यांची कोणी करत नाही.

बाधितांची नावं ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकावीत का?

नाही. पाटीवर आकडा लिहा, नावं फक्त आरोग्य कर्मचाऱ्याकडे. घरावर पोस्टर चिकटवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानंही 9 डिसेंबर 2020 ला सांगितलं की सक्षम अधिकाऱ्याचा तसा आदेश असल्याशिवाय ते करू नये. नाव फुटलं की पुढचा माणूस खोकला दाबतो, तुमचा आलेख खाली येतो आणि सगळ्यांना वाटतं साथ ओसरली.

शहरात सांडपाण्यातून विषाणू शोधतात म्हणे. खेड्यात जमेल?

शोषखड्ड्याच्या संडासांचं पाणी एकत्र येतच नाही, तेव्हा गावभराचा अंदाज मिळणार नाही. आश्रमशाळा, वसतिगृह, बाजारपेठेचं मोठं गाव, जिथे एक नाला सगळं वाहून नेतो, तिथे जमतं. गॉजची घडी दोरीला बांधून 24 तास प्रवाहात सोडायची आणि थंड पेटीतून प्रयोगशाळेला द्यायची. पण तपासणी करणारी प्रयोगशाळा आधी गाठा, गॉज मग.

शेतात कावळे मरून पडले तर? (वाचक, सांवेर)

हात लावू नका, कुत्र्यांना ओढू देऊ नका, पुरूही नका. किती, कुठे, कधी दिसले ते लिहून जवळच्या पशुचिकित्सालयाला त्याच दिवशी कळवा. डिसेंबर 2020 च्या अखेरीस इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात मेलेले कावळे सापडले, आणि भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेच्या तपासणीत एच5एन8 बर्ड फ्लू निघाला. कोंबड्या पाळणाऱ्या घरांचे नंबर तुमच्या नकाशावर असतील तर डॉक्टरांचा अर्धा दिवस वाचेल. त्या घरांत पुढचे दहा दिवस कोणाला ताप येतो का, हे नेहमीच्या फेरीतच विचारा.