समाधान मिळतं, पण पीएफ कापला जात नाही

"ताई, मी 31 वर्षांची. पुण्यातच एमएसडब्ल्यू करून सहा वर्षांपूर्वी एका संस्थेत लागले. वाघोलीतल्या बांधकाम मजुरांची मुलं शाळेत घालणं हे माझं काम. ते मनापासून आवडतं, पण हल्ली ऑफिसात पाऊल टाकलं की चिडचिड होते. पगार 12,000 वरून कसाबसा 19,000 वर आलाय. वाढ मागितली की सर म्हणतात, 'आपण कुटुंब आहोत.' आई म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजणं पुरे. खराडीच्या एका कंपनीत सीएसआर म्हणजे सामाजिक कामावरचा खर्च बघणाऱ्या विभागात दुप्पट पगाराची नोकरी चालून आलीये. गेले तर मुलांना वाऱ्यावर सोडल्यासारखं होईल. काय करू?"
– धनकवडीची एक कार्यकर्ती

तुझं पत्र बरंच मोठं होतं, वर फक्त सार दिलंय. पण गाळलेल्यातलं थोडं सांगायलाच हवं. एक ती चौथीतली मुलगी. मुकादमाच्या वहीत बापाचे दोन खाडे उगाच मांडलेत, हे तिने वाचून पकडलं आणि शनिवारी त्याचा हिशेब पुरता चुकता झाला. आणि 25 जुलै 2024 चा तो दिवस. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरात पाणी शिरलं, तुम्ही मदतीचं किट घेऊन गेलात. देणगीदाराला पाठवायच्या फोटोवर जीपीएस लोकेशन उमटलं नाही म्हणून चिखलात उभ्या आजींच्या हातात तेच किट परत देऊन दुसरा फोटो काढावा लागला. "मी त्यांची नजर चुकवली," असं लिहिलंयस.

कामावरचा तुझा जीव उडालेला नाही, त्या मुलीवरच्या ओळींतून ते दिसतंच. वैताग आहे तो संस्थेचा.

सरांची अडचण खोटी नाही. देणगीदार टॅबला, दप्तरांना पैसे देतात, पगाराचं नाव काढलं की हात आखडतात. वर सीएसआरमधली प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा दाखवून संस्थांना गप्प केलं जातं. ती मर्यादा मुळात कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. वस्तीत प्रकल्प राबवणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचा खर्च, तो त्यात धरत नाहीत. पुढच्या प्रस्तावाचं बजेट बनेल तेव्हा सरांच्या शेजारी बस आणि तुझा पगार त्या रकान्यात लिहायला लाव.

आता पीएफ, जो तुझा कापलाच जात नाही. तुमच्याकडे पंचवीसेक माणसं आहेत म्हणतेस. 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असले की पीएफ लागतो, ट्रस्ट आहे म्हणून सुटका नाही. रुजू होताना तुझा पगार 15,000 च्या आत होता, म्हणजे तो तुझा हक्क आहे. तुला कागदोपत्री 'सल्लागार' दाखवून 10 टक्के टीडीएस कापणं ही शुद्ध पळवाट. रोज मस्टरवर सही करणारी, रजेचा अर्ज देणारी बाई सल्लागार कशी काय? कुटुंब कुटुंब म्हणणाऱ्यांना हे विचारायला संकोच नको. फक्त मार्चमध्ये विषय काढू नकोस. यूसी (देणगी कुठे खर्च झाली त्याचा दाखला) आणि ऑडिटच्या धबडग्यात कुणी धड ऐकणार नाही आणि तूही धड बोलणार नाहीस.

मुलांचं म्हणशील, तर साइट संपली की ती कुटुंबं दुसऱ्या साइटवर नाहीतर गावी जातात. तू थांबलीस तरी ती जाणारच. जपायचंय ते कुणाचं आधार कार्ड झालंय, कुणाचा दाखला कुठल्या शाळेत अडकलाय, कुणाचा बाप फोन उचलतो, हे सगळं. सध्या ते तुझ्या डोक्यात आहे. वहीत उतरव, जी मुलगी तुझ्या जागी येईल तिला घेऊन पंधरा दिवस वस्तीत फिर. एवढं केलंस तर अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

खराडीची नोकरी घेण्यात पाप नाही. दुप्पट पगार हा दुप्पट पगार असतो, एकतिशीत त्याची किंमत कळते. मात्र तिथे आजींचा दुसरा फोटो मागणारी तू असशील, हे लक्षात घेऊन जा. हो म्हणण्याआधी त्यांना विचार, महिन्यातले किती दिवस वस्तीत जायला मिळेल. 'गरज पडेल तसं' असं उत्तर आलं, तर ते शून्य समज.